नाल्यात आणि विहिरीत रेझिस्टंट बॅक्टेरिया सापडले, आता विहीर बुजवायची का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडगाव शिवारात बळ्ळारी नाल्याच्या कडेला तुमची दीड एकर जमीन, पावसाळ्यात बासमती, भात निघाला की मसूर, आणि विहिरीजवळच्या पट्ट्यात बारा महिने कोथिंबीर, मेथी, नवलकोल. पुतणी बीएस्सीला मायक्रोबायोलॉजी करते, तिनं प्रोजेक्टसाठी नाल्याचं आणि तुमच्या विहिरीचं पाणी घेऊन प्लेट लावल्या (ताटलीत जिवाणू वाढवून बघितले), दोन्हीत सिप्रोफ्लॉक्सासिन (सिप्रो) या अँटिबायोटिकला दाद न देणारे, म्हणजे रेझिस्टंट, बॅक्टेरिया निघाले. आता आई म्हणते विहीर बुजवा, भाऊ म्हणतो लहानपणापासून हेच पाणी पितोय काय झालंय, आणि तुम्ही विचारताय की पाणी प्यायचं का, भाजी विकायची का, आणि शिवारात बाकीच्यांना सांगायचं का.

मी बेळगावातच पंचवीसेक वर्षं लॅबमधे आहे, निम्मा वेळ पेशंटचे कल्चर आणि निम्मा वेळ पाणी, त्यामुळं तुमचा नाला मला दोन्हीकडून माहीत आहे, एकदा बाटलीतून आणि एकदा लोकांच्या लघवीतून. सरळ उत्तर आधी देतो मग कारणं सांगतो. विहिरीचं पाणी आजपासून उकळूनच प्या. विहीर बुजवू नका. भाजी विका पण नाल्याचं पाणी पाल्यावर पडू देऊ नका. आणि लोकांना सांगा, पण 'सुपरबग' हा शब्द तोंडातून काढू नका. यातलं किती तुम्हाला लागू पडतं ते तुमची विहीर बांधलेली आहे की नुसता खड्डा आहे, नाल्यापासून किती लांब आहे, घरात लहान मूल किंवा डायलिसिस-केमोचं कोणी आहे का, यावर आहे, आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून जिथं फरक पडेल तिथं सांगत जाईन.

पहिला गैरसमज काढतो कारण तुमच्या आईची भीती तिथूनच आलीय. रेझिस्टंट म्हणजे कशानंही न मरणारा असं नाही हो. तो फक्त औषधाला, आणि तेही ठराविक औषधाला, दाद देत नाही. उकळत्या पाण्यात तो बाकीच्या जिवाणूंसारखाच मरतो, एक मिनिट खळखळून उकळी आली की विषय संपला, क्लोरीननंही मरतो, कडक उन्हात वाळला तरी बरेचसे मरतात. ई. कोलाय म्हणजे माणसा-जनावरांच्या आतड्यातला जिवाणू; सिप्रोला न जुमानणारा ई. कोलाय आणि साधा ई. कोलाय, दोघं एकाच पातेल्यात टाका, दोघं एकदमच जातात. तो तगडा नाही, त्याला फक्त एका कुलपाची किल्ली सापडलीय. त्यामुळं तुमच्या घरात आज करायची जी काळजी आहे ती रेझिस्टंट असो नसो तीच आहे. रेझिस्टन्सचा हिशोब होतो तो पुढं, कोणीतरी आजारी पडून डॉक्टरनं औषध लिहिल्यावर.

आता पुतणीच्या प्लेट. तिला नाउमेद करायचं नाही, उलट नाल्यात उतरून बाटली भरली हेच खूप झालं, पण तुम्ही फोटोबद्दल जे लिहिलंय त्यावरून तिनं न्यूट्रियंट अगारवर (जिवाणू वाढवायची साधी जेली) पाणी पसरून मधे सिप्रोची डिस्क (औषध मुरवलेली कागदी चकती) ठेवली आणि डिस्कभोवतीच्या मोकळ्या गोलात काही वसाहती उगवल्या, बरोबर ना? यात अडचण अशी की न्यूट्रियंट अगार म्हणजे गावजेवण, कोणीही येऊन बसतो. उगवलेला जीव माणसाच्या पोटातला आहे की मातीतला हे त्यावरून कळत नाही. सूडोमोनास, ॲसिनेटोबॅक्टर असले पाण्या-मातीतले जीव कित्येक अँटिबायोटिकना जन्मजातच दाद देत नाहीत, कोणी गोळी खाल्ली म्हणून नव्हे. एकदा विद्यार्थ्यांच्या बॅचला मी चोर्ल्याच्या रस्त्याला लागून जंगलातली माती आणायला लावली, जिथं ना दवाखाना ना वस्ती, त्यातूनही ॲम्पिसिलिनला रेझिस्टंट प्लेट भरून निघाले. कॅनडात ३०,००० वर्षं गोठलेल्या जमिनीत रेझिस्टन्सचे जीन सापडल्याचं २०११ मधे छापून आलंय, म्हणजे माणसानं पेनिसिलिन शोधायच्या कितीतरी आधीचे. मातीतली बुरशी आणि जिवाणू आपापसात हीच भांडणं लाखो वर्षं करतायत, आपण औषध तिथूनच उचललं आणि तोडही तिथंच होती.

म्हणून 'सापडले का' हा प्रश्न विचारून काही हाती लागत नाही. सापडणारच. विचारायचं ते दोन: कोण सापडले, आणि किती.

'कोण' साठी तिला सांगा ई. कोलाय वेगळा काढ. ईएमबी अगार म्हणून रंग घातलेली जेली असते, तिच्यावर लावलं की ई. कोलायच्या वसाहतीवर सोनपाखराच्या पाठीसारखी हिरवी धातूची चमक येते, प्लेट जरा तिरकी करून उजेडात धरली की दिसते, पहिल्यांदा बघणारा विसरत नाही. ई. कोलाय मिळाला म्हणजे माणसाची किंवा जनावराची विष्ठा पाण्यात आली, आणि तीही हल्लीहल्ली, कारण तो बाहेर फार दिवस टिकत नाही. मग त्यातल्या एकट्या वसाहतीचं शुद्ध कल्चर करून, गढूळपणा ०.५ मॅकफारलंडला (जिवाणू किती दाट आहेत त्याचं ठरलेलं माप) जुळवून, म्युलर-हिंटन अगारवर (या तपासणीची ठरलेली जेली) डिस्क ठेवायची आणि मिलिमीटरमधे मोजायचं. सिप्रोचा गोल २६ किंवा जास्त आला तर औषध चालतं, २१ किंवा कमी आला तर रेझिस्टंट. नाल्याचं पाणी थेट पसरून डिस्क ठेवली तर ते मोजमाप होत नाही, किती दाट पसरलं त्यावर गोल लहानमोठा होतो. आणि अजून एक, व्हँकोमायसिनची डिस्क उगाच लावू नकोस म्हणावं, ई. कोलायमधे ते औषध मुळात आतच जात नाही, तरी दर वर्षी एखाद्या प्रोजेक्टमधे 'व्हँकोमायसिन रेझिस्टंट ई. कोलाय' असा मथळा येतोच आणि परीक्षकाला चहा ठसकतो.

सिप्रोपेक्षा मी तिला सेफोटॅक्झिम हे दुसरं अँटिबायोटिक लावायला सांगीन. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मधे माणूस, कोंबडी आणि सांडपाणी या तिन्हीत एकच जीव मोजायची पद्धत दिली, ईएसबीएल (सेफोटॅक्झिमसारखी औषधं मोडणारं एन्झाइम) तयार करणारा ई. कोलाय, आणि त्यासाठी अगारमधे लिटरला ४ मिलीग्रॅम सेफोटॅक्झिम घालतात. एक प्लेट औषध घातलेली, एक बिनऔषधाची, दोन्हीवरचे ई. कोलाय मोजायचे आणि भागाकार करायचा. शंभर ई. कोलायमधे रेझिस्टंट किती, एवढं निघालं की नाला आणि विहीर यांची तुलना करता येते. नाहीतर नुसतं 'आहेत' म्हणणं म्हणजे बाजारात माणसं होती म्हणण्यासारखं झालं.

नाल्याबद्दल थोडं सविस्तर, कारण तिथं खरोखर काहीतरी घडतंय आणि भावाचं 'काही होत नाही' हेही बरोबर नाही. आपण अमॉक्सिसिलिनची गोळी घेतो त्यातला अर्ध्याहून जास्त भाग लघवीतून जशाचा तसा बाहेर पडतो. ते औषध पाण्यात लवकर मोडतं, पण सिप्रो सहज मोडत नाही, गाळाला चिकटून बसतं. त्याच गटारात दवाखान्याचं पाणी येतं, पोल्ट्रीचं येतं, फिनेल येतं, आणि हजारो माणसांच्या पोटातले जिवाणू येतात, सगळे एकमेकाला खेटून, कोमट, अन्न भरपूर. जिवाणूंकडं प्लास्मिड म्हणून डीएनएचं एक सुटं वर्तुळ असतं, त्यावर रेझिस्टन्सची कृती लिहिलेली असते, एकेका वर्तुळावर चार-पाच औषधांची एकदम. ते शेजाऱ्याला देताना स्वतःचं जात नाही, झेरॉक्स काढून दिल्यासारखं. विरजणाचं कसं, शेजारणीनं चमचाभर दिलं तरी तिचं दही कमी होत नाही आणि तुमचं पातेलं भरून लागतं. आणि जात-गोत बघत नाहीत, ई. कोलायचं क्लेब्सिएलाला, क्लेब्सिएलाचं आणखी कोणाला. ज्या जिवाणूनं आयुष्यात सिप्रो बघितलेलं नाही त्यालाही पाच औषधांची किल्ली आयती मिळते.

तरी आपला नाला म्हणजे पाटणचेरू नव्हे हे लक्षात ठेवा. हैदराबादजवळ पाटणचेरूला औषध कारखान्यांचं सांडपाणी एकत्र शुद्ध करणाऱ्या प्लांटच्या बाहेर पडणाऱ्या पाण्यात लिटरला ३१ मिलीग्रॅमपर्यंत सिप्रो सापडलं होतं, २००७ मधे ते छापून आलं, गोळी खाल्लेल्या माणसाच्या रक्तात असतं त्याच्यापेक्षाही जास्त. शुद्ध केलेल्या पाण्यात, बरं का. आपल्याकडं तसले कारखाने नाहीत, आपला नाला मुख्यतः संडास, मोऱ्या, सेप्टिक टँकचं ओसंडणं आणि दवाखाने यांचा. लोकांचा सगळा राग दवाखान्यांवर असतो, त्यांच्या पाण्यात औषधांचं प्रमाण जास्त असतं हे खरं, आणि २०१६ च्या बायोमेडिकल वेस्टच्या नियमानुसार त्यांनी ते आधी शुद्ध करूनच सोडायचं असतं, पण एकूण वाहणाऱ्या पाण्यात त्यांचा वाटा लहान. मोठा वाटा तुमचा आमचा, घराघरातला.

एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) झाला की सगळं साफ, असंही लोक म्हणतात. एसटीपी पाहिजेच, त्यात वाद नाही. पण ९९ टक्के जिवाणू गेले हे ऐकायला जेवढं मोठं वाटतं तेवढं नसतं. कच्च्या सांडपाण्यात १०० मिलीलिटरला एक कोटी ई. कोलाय असले तर ९९ टक्के जाऊनही एक लाख उरतात. केंद्राच्या २०१७ च्या नोटिफिकेशनमधे एसटीपीच्या पाण्याला १०० मिलीलिटरला १,००० फीकल कोलिफॉर्मची (विष्ठेतून येणारे जिवाणू, ई. कोलाय त्यातलाच) मर्यादा आहे, तिथं पोचायचं तर शेवटी क्लोरीन किंवा यूव्ही लागतंच, आणि तो शेवटचा भाग चालवायला खर्च असतो म्हणून तोच बऱ्याच ठिकाणी बंद सापडतो.

आता विहिरीकडं येतो, आणि आधी माझी एक चूक सांगतो. लॅबमधे तसा नवीनच होतो, लागून तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. गावाबाहेरच्या एका कुटुंबानं विहिरीचं पाणी आणून दिलं, मी रिपोर्टमधे लिहिलं 'ई. कोलाय आढळले, बहुऔषध प्रतिरोधक', खाली लाल शाई, आकडा काही नाही. मला वाटलं मी मोठं काम केलं. त्यांनी घाबरून दुसऱ्या दिवशी विहिरीवर पत्रा टाकला आणि टँकर लावला. दोन महिन्यांनी घरातली दोन मुलं जुलाबानं ॲडमिट झाली, आजोबा मला विचारायला आले की विहीर तर बंद केली मग हे कुठून. मी टँकरचं पाणी मागवलं. विहिरीच्या जुन्या प्लेटची नोंद वहीत बघितली तर तिथं १०० मिलीलिटरला चाळीसएक ई. कोलाय होते, आणि टँकरच्या पाण्यात प्लेट मोजता येईना एवढे. टँकरवाला कुठून भरत होता ते विचारायलाच नको. ते पाणी रेझिस्टंट होतं का मी बघितलंही नाही, गरजच नव्हती. आजोबा काही बोलले नाहीत, पैसे देऊन गेले, तेच जास्त लागलं.

तेव्हापासून आकड्याशिवाय रिपोर्ट देत नाही, आणि 'वापरू नका' लिहायच्या आधी 'मग काय वापरणार' ते विचारतो. तुमच्या आईलाही हेच विचारा.

प्यायच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, सांगतं की १०० मिलीलिटरमधे एकही ई. कोलाय नको. नदीत आंघोळीच्या पाण्याला फीकल कोलिफॉर्मची कमाल मर्यादा २,५०० आहे. तुमची विहीर या दोन्हीच्या मधे कुठं बसते ते आधी काढा. वीस-तीस निघाले तर विहीर वाचवण्यासारखी आहे. हजारात निघाले तर नाला थेट आत येतोय, मग प्यायचा विचार सोडा, शेतीला वापरा. लॅबचा खर्च नको असेल तर सुरुवातीला ती काळी पडणारी बाटली लावा, एच-टू-एसची, ग्रामपंचायतींकडं पाणी तपासायच्या किटमधे असते. पाणी भरायचं, एक-दोन दिवस उबेला ठेवायची, काळी झाली तर विष्ठेचा संशय धरायचा. आकडा देत नाही पण होय-नाही बऱ्यापैकी सांगते.

अंतराचं म्हणाल तर घाण पाण्यापासून विहीर किमान १५ मीटर लांब पाहिजे असा नियम शिकवतात, पण तो नियम लिहिणाऱ्यानं आपली काळी माती मे महिन्यात बघितली नसावी. हात घालावा एवढ्या भेगा पडतात, पहिल्या वळवाला नाल्याचं पाणी त्या भेगेतून थेट उतरतं, गाळून वगैरे काही नाही. म्हणून सँपल दोनदा घ्या, एकदा उन्हाळ्याच्या शेवटी आणि एकदा पहिल्या मोठ्या पावसानंतर. आणि ऑगस्ट २०१९ सारखं पाणी शिवारात पसरून विहिरीच्या काठावरून आत गेलं असेल तर तपासायची पण गरज नाही, धरूनच चाला, उपसा आणि क्लोरीन टाका.

क्लोरीनचा हिशोब देतो, कारण लोक अंदाजानं पसाभर ब्लीचिंग पावडर वरून भिरकावतात आणि ती खाली गाळात बसते. समजा विहीर गोल, व्यास ३ मीटर, पाणी ४ मीटर खोल. व्यास गुणिले व्यास गुणिले खोली गुणिले ३.१४ भागिले ४, म्हणजे २८ घनमीटरच्या आसपास, २८,००० लिटर. चांगल्या ताज्या ब्लीचिंग पावडरीत ३३ टक्क्याच्या आसपास क्लोरीन असतो आणि तिचा हजार लिटरला २.५ ग्रॅम असा हिशोब, म्हणजे ७० ग्रॅम. ती बादलीत आधी थोड्या पाण्यात लापशीसारखी कालवा, मग बादली पाऊणभर करून हलवा, पाच-दहा मिनिटं चुना खाली बसू द्या. वरचं निवळलेलं पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन, दोरानं विहिरीत सोडून, वरखाली हिंदकळवा. खालचा चुना विहिरीत ओतायचा नाही. हे रात्री करा, निदान एक तास तरी कोणी पाणी काढू नका. सकाळी क्लोरोस्कोपवर (पाण्यात उरलेला क्लोरीन दाखवणारं किट) लिटरला ०.५ मिलीग्रॅमच्या आसपास आलं पाहिजे, शून्य आलं तर पाण्यात घाण जास्त आहे, मात्रा वाढवून परत. गढूळ पाण्यात क्लोरीन आधी गढूळपणातच खर्च होतो, म्हणून पावसाळ्यात हा हिशोब चुकतो, पुस्तकाला दोष देऊ नका.

पण नाल्याकाठच्या विहिरीत हे कायमचं उत्तर नाही, आज मारले उद्या परत येतात. कठडा नसेल तर बांधा, भोवती सिमेंटचा ओटा करून सांडलेलं पाणी लांब काढा, जनावरं विहिरीला लागून बांधू नका. आणि प्यायला नळ असेल तर नळाचंच, विहीर वापरायला. घरात सहा महिन्यांच्या आसपासचं बाळ, म्हातारं माणूस, किडनीचा किंवा केमोचा पेशंट असेल तर उकळण्यात एकदाही हयगय नको. बाकी धडधाकट माणसाबद्दल खरं सांगायचं तर असले जिवाणू आपल्या पोटात आधीच मुक्कामाला असण्याची शक्यता दांडगी आहे. डच लोकांनी २,००१ प्रवाशांचा अभ्यास केला, २०१७ मधे आला, आपल्या दक्षिण आशियात फिरून गेलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोक ईएसबीएलवाले जिवाणू पोटात घेऊन घरी गेले. ते आजारी नव्हते, नुसते घेऊन गेले. पाहुण्याला काही दिवसांत जे चिकटतं ते घरच्याकडं असणारच की.

आता भाजी. भात, मसूर शिजवूनच खातो, तो विषय सोडा. मेथी शिजते. नवलकोल सोलतात. अडचण आहे ती कोथिंबिरीची, कारण ती जेवणावर भुरभुरून कच्ची खायची. आणि शेतातल्या पाण्यापेक्षा मला जास्त खटकतं ते काढणीनंतरचं. पहाटे पेंढ्या बांधून झाल्या की माती जावी आणि तजेला राहावा म्हणून नाल्यातच बुचकळून काढतात, मुळ्याची तर पोतीच्या पोती पायानं तुडवून धुतात, तिथून तासाभरात मार्केट आणि दुपारी कोणाच्या तरी भेळेवर. महिनाभर चांगल्या पाण्यावर वाढवलेली भाजी त्या एका बुचकळण्यात नाल्याची झाली. शेतातल्या पानावरचे जिवाणू ऊन-वाऱ्यानं रोज कमी होत जातात, पण ओल्या पेंढीत, ओल्या पोत्याखाली, त्यांची चैनच. तेव्हा पेंढी विहिरीच्या क्लोरीन टाकलेल्या पाण्यात धुवा, शिंपडायचं पाणीही तेच. शेतात नाल्याचं पाणी द्यायचंच झालं तर सरीतून द्या, तुषारनं पाल्यावर नको. काढणीच्या आधी दोन-तीन दिवस नाल्याचं पाणी बंद. मला माहीत आहे तुम्ही म्हणणार एप्रिलात कोथिंबीर तीन दिवस बिनपाण्याची राहते होय, मान टाकेल. म्हणून म्हणतो शेवटची पाणी बोअरची किंवा विहिरीची द्या, नाल्याची मोटर तेवढे दिवस बंद. पोल्ट्रीचं खत घालत असाल तर ताजं घालू नका, ढीग लावून आतून हात ठेववणार नाही एवढा तापू द्या, पलटत राहा आणि निदान पंधरा दिवस तरी ५५ अंशाच्या वर राहिला पाहिजे. आणि नाल्यात उतरताना पायात गमबूट, जखम असेल तर उतरूच नका, रेझिस्टंट बॅक्टेरिया राहू दे, उंदराच्या मुतानं होणारा लेप्टो आधी गाठेल.

एवढं झालं की घरापुरतं पाणी आणि भाजी आटोपलं. रेझिस्टन्सचा जो खरा प्रश्न आहे तो तुमच्या घरातल्या गोळ्यांच्या डब्यात आहे. दोन वेळा पातळ झालं की आपल्याकडं मेडिकलमधून ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची जोडगोळी आणतात, चार खातात, बरं वाटलं की उरलेल्या डब्यात. पाण्यासारखे जुलाब बहुतेक आपोआप थांबतात, लागतं ते ओआरएस, आणि लहान मुलाला १४ दिवस झिंक. ती गोळी जुलाबाला क्वचितच लागते, पण पोटातल्या साध्या जिवाणूंना मारून रेझिस्टंटला मोकळं रान देते, तेच मग संडासातून नाल्यात, नाल्यातून तुमच्या पुतणीच्या प्लेटवर. जुलाबात रक्त, ताप, किंवा मूल मलूल झालं तर डॉक्टर, आणि डॉक्टर देईल ते. १ मार्च २०१४ पासून वरच्या दर्जाची बरीच अँटिबायोटिक्स शेड्यूल एच-वन मधे आहेत, चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत आणि दुकानदारानं नोंद ठेवायची. कागदावर.

घरातल्या बायकांना लघवीची जळजळ झाली तर गोळी सुरू करायच्या आधी कल्चरला द्या, हे मी धंदा वाढावा म्हणून सांगत नाही. मी सुरुवात केली तेव्हा डॉक्टर डोळे झाकून सिप्रो लिहायचे आणि चालायचं, आज माझ्याकडं येणाऱ्या लघवीतल्या ई. कोलायपैकी अर्ध्याहून जास्त सिप्रोला हात वर करतात. नायट्रोफ्युरँटॉइनसारखी जुनी गोळी मात्र बहुतेकांत अजून चालते. म्हणजे औषधं संपलेली नाहीत, पण कोणतं चालेल ते अंदाजानं कळायचे दिवस गेले. जगात २०१९ या एका वर्षात रेझिस्टंट जिवाणूंमुळं थेट १२ लाख ७० हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे, त्यातले फार थोडे लोक नाल्याचं पाणी प्यायले असतील. पहिल्या दोन-तीन दिवसांत चुकीचं औषध चाललं, असे बरेचसे असावेत.

राहिलं शिवारात सांगायचं. इथं मी जरा दमानं घ्या म्हणतो. एनडीएम-वन नावाचं, शेवटची राखून ठेवलेली अँटिबायोटिक्सही मोडणारं एन्झाइम, त्याचं नावच नवी दिल्लीवरून पडलं, २०१० मधे त्यावर आपल्याकडं केवढा गदारोळ झाला आठवत असेल, सगळा वाद नावावर, देशाची बदनामी, मेडिकल टुरिझम. दुसऱ्या वर्षी दिल्लीतल्या रस्त्यावर साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मधे आणि नळाच्या ५० पैकी २ मधे ते एन्झाइम बनवणारा जीन सापडला, पण तोवर चर्चा नावाचीच, गटाराचं कोणी बोलेना. तुम्ही उद्या ग्रुपवर टाकलं की 'वडगावच्या भाजीत सुपरबग', तर परवा मार्केटला वडगावची पेंढी कोणी हातात घेणार नाही, ज्याचं शेत नाल्याला लागूनही नाही त्याचीही, आणि नाल्यात जे सोडतात त्यांना काहीच होणार नाही. शेतकरी तुमच्यावर चिडतील ते बरोबरच चिडतील.

त्यापेक्षा विहीरवाल्या पाच-सहा जणांना घरी बोलवा, चहा करा, आणि 'विहिरीत संडासाचं पाणी उतरतंय' एवढंच सांगा. हे वाक्य सगळ्यांना कळतं, यात कोणाची भाजी बदनाम होत नाही आणि उपायही तोच आहे. पाच विहिरींचं सँपल एकाच दिवशी द्या, आकड्यांसकट रिपोर्ट घ्या, आणि अर्ज महापालिकेला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या इथल्या कार्यालयाला, पोच घेऊन. अर्ज कन्नडमधून लिहून घ्या, भाषेचा वाद आपल्याला घालायचाच आहे तर तो दुसऱ्या कुठल्या कागदावर घालू, या कागदावर नाल्याचं काम होऊ दे. तसंही सीमेचं या जिवाणूंना काही नाही, दूधगंगा, वेदगंगा कोल्हापूरकडून निपाणी-चिकोडीकडं येतात आणि पंचगंगेचं पाणी नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिसळून खाली आपल्याकडंच येतं.

पुतणीला सँपलबद्दल एवढं सांगा. बाटली कुकरला निर्जंतुक केलेली पाहिजे, डेटॉलनं धुतलेली नको, एकानं मला डेटॉलची बाटली आणली होती आणि नाल्याचं पाणी मिनरल वॉटरपेक्षा शुद्ध निघालं. क्लोरीन टाकलेल्या विहिरीचं पाणी असेल तर बाटलीत आधी सोडियम थायोसल्फेट, म्हणजे क्लोरीन वाटेत जिवाणू मारत बसत नाही. बर्फाच्या डब्यातून आणायचं आणि सहा तासांच्या आत लावायचं. बळ्ळारी नाल्याचं पाणी दहा हजारपट पातळ करून लाव म्हणावं, नाहीतर प्लेटवर नुसता एक पांढरा पडदा येतो आणि मोजायला काही उरत नाही. ईएमबीची प्लेट दुसऱ्या दिवशी खिडकीजवळ तिरकी धरून फोटो काढा आणि इथंच खाली टाका, सोबत विहिरीचा व्यास आणि कठडा आहे का तेही लिहा, मग पुढचं बघू.